बावीसच्या रकान्यातली गर्दी

१

सोमवारी सकाळी शाळेत पाऊल टाकलं आणि माझं डोकं फिरलं. शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर शनिवारच्या तालुका शर्यतीचा निकाल लावलेला होता. पहिल्या नंबरवरचं सीमाचं नाव लाल शाईनं खोडलेलं, आणि शेजारी लिहिलेलं, 'वाहनाचा वापर. बाद.' दुसरी आलेली मोनिका एका फटक्यात पहिली झाली होती.

अक्षर बिरदेव सरांचं होतं. ते आमचे खेळाचे शिक्षक. मुलींना पहाटे माळावर पळवायचे, चुकलं की त्याच माळावर परत पळवायचे. मी त्यांना मैदानावर गाठलं. वाऱ्यानं फक्की उडत होती तरी ते हट्टानं रेघ मारत होते.

"सर, काय भानगड आहे ही?"

"बाई, तीन शाळांच्या मास्तरांनी तक्रार दिलीय. कालव्याच्या रस्त्याला तिचा भाऊ एम-एटी फटफटी घेऊन उभा व्हता, लोकांनी बघितलाय. आन् ही सगळ्यांच्या आधी तीन मिनिटांच्या वर येती? चार किलोमीटरात? माझी मोनिका गेल्या साली जिल्ह्याला पळलीय. तिला एवढं मागं टाकायचं म्हंजी पाय पायजेत का पंख?"

"घड्याळ माझ्या हातात होतं."

"तुमच्या घड्याळाला कोण काय म्हणतंय? शर्यत आपल्या शाळेनं घेतली. मी गप बसलो तर आपलीच पोरगी पाठीशी घातली म्हणतील."

शिरूर तालुक्याच्या भीमेकडच्या टोकाला, मांडवगण फराट्याच्या अलीकडे आमची शाळा. २००२ चा जानेवारी होता. येत्या रविवारी दौंडला जिल्ह्याची शर्यत होती आणि तिथल्या पहिल्या सहा मुलींना पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं. सीमा माझ्या नववीच्या वर्गात होती. बोलायची कमी, पळायची फार. या एका जागेसाठी ती वर्षभर अनवाणी पळत होती, आणि आता तिला दौंडचं मैदानही दिसणार नव्हतं.

"यादी कधी जाणार?"

"बुधवारी दुपारी. तवर काही पुरावा आणला तर बघू. नुसती माया नको, बाई."

मला हे वाक्य झोंबलं. गणित शिकवणाऱ्या बाईला 'नुसती माया' म्हणणं म्हणजे तिच्या घरात येऊन तिला पाहुणी म्हणण्यासारखं आहे. मी ठरवलं, आता पुरावाच आणायचा, मग तो सीमाच्या बाजूनं निघो की विरुद्ध.

सीमा त्या दिवशी शाळेत आली नव्हती.

२

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. गावाच्या पूर्वेला पत्र्याच्या घरांची वस्ती, मधोमध निळा झेंडा. सीमाचे वडील पोपट रांजणगावला कंपनीत कंत्राटावर होते आणि पाळीला गेले होते. घरी सीमा आणि तिचा भाऊ रोहन. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली सीमानं जिंकलेली दोन प्रमाणपत्रं.

सीमानं पाण्याचा तांब्या-पेला आणला. मी पेला हातात घेऊन बोलत राहिले, तर ती समोरून हलेचना. तिची नजर माझ्या हातातल्या पेल्यावर. मी पाणी प्याले तेव्हा कुठे ती बाजूला झाली. मला वाटलं, पोरीच्या मनात काहीतरी आहे, म्हणून अशी घाबरलीय.

"रोहन, तू शनिवारी कालव्यावर गेला होतास?"

"न्हाई." उत्तर फार लवकर आलं.

"लोकांनी तुला पाहिलंय."

तो बहिणीकडे बघत राहिला. सीमा म्हणाली, "सांग की. लपवून काय मिळालं?"

"गेलतो, बाई. फटफटीवर, पान्याची बाटली घेऊन. वळणाच्या पुढं उभा व्हतो. घरच्यानं कायबी द्यायचं न्हाई असा नियम हाय म्हणून बोललो न्हाई. पन तिनं बाटली घेतलीच न्हाई. हातानंच लांब हो म्हणली आन् पळाली. मंग मीबी लगेच घरला आलो."

"शाळेनं पाण्याची सोय नव्हती का केली?"

"शेवटाला व्हती. मधी न्हवती. आन् ही रस्त्यात कुणाला पानी मागत न्हाई," रोहन म्हणाला.

"का गं?"

"असंच," सीमा म्हणाली आणि तांब्या आत घेऊन गेली.

मी उठले. मनात दोन गोष्टी डाचत होत्या. मोटारसायकल तिथे होती, हे आता खुद्द घरच्यांनी कबूल केलं होतं. आणि पोरगी काहीतरी लपवत होती.

३

शर्यत जाऊन-येऊन होती. शाळेपासून कालव्याच्या रस्त्यानं दोन किलोमीटर जायचं, पिंपळाला वळायचं, आणि त्याच रस्त्यानं परत. वळणावर आमचे शिपाई दगडोबा बसले होते. प्रत्येक मुलीच्या मनगटावर निळा शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम. माझी सगळी आशा त्यांच्यावर होती. सीमा वळणाच्या आधीच बरीच पुढे होती असं ते म्हणाले असते, तर कोडं तिथंच सुटलं असतं.

"मामा, शनिवारी सीमा तुमच्याकडे कधी आली?"

दगडोबांनी घंटेचा हातोडा बाजूला ठेवला. "आली की. सात-आठ पोरी एका दाव्यात आल्या. मोनिका पुढं, ही तिच्या मागं. शिक्का मारू मारू हात दुखला."

"म्हणजे सगळ्या बरोबरच होत्या?"

"अगदी चिकटून. त्यात त्या गुऱ्हाळाचा धूर तोंडावर येतोय, डोळं चुरचुरतंय, मी तर दोघींना एकाच जागी दोनदा शिक्का मारला."

"आणि रोहन?"

"वळणाच्या पुढं गेला फटफटी घेऊन. परतीच्या अंगाला."

झालं. मी वाचवायला गेले आणि पोरीच्या गळ्यातला फास आवळून आले. वळणापर्यंत सीमा सगळ्यांच्या बरोबर. शेवटी मात्र सगळ्यांच्या आधी तीन मिनिटांहून जास्त. म्हणजे उरलेल्या दोन किलोमीटरात हा सगळा फरक पडला. पायानं तेवढा फरक पडत नाही. आणि नेमकी त्याच दोन किलोमीटरात एम-एटी उभी.

४

मंगळवारी मला करमेना. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की शर्यतच दिसायची. शेवटी मधल्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या तासाला मी आलेखाचा कागद घेतला आणि शनिवारच्या वेळा मांडायला बसले.

मी दरवर्षी नववीला आयतालेख शिकवताना याच शर्यतीच्या वेळा वापरते. आडव्या रेघेवर मिनिटं, उभ्या रेघेवर त्या त्या मिनिटात आलेल्या मुली. गेल्या वर्षीचा आलेख वर्गाच्या भिंतीवर अजून चिकटवलेला होता. त्यात अठराव्या मिनिटाला एक मुलगी, मोनिका. एकोणीसला तीन. मग पाच, मग आठ, मग उतार. कुठल्याही शर्यतीचा आलेख असाच. पुढे थोड्या, मध्ये गर्दी, मागे थोड्या. पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या.

यंदाचा आलेख काढला तो असा. अठराला एक, सीमा. एकोणीस रिकामा. वीस रिकामा. एकवीस रिकामा. आणि बावीसला एकदम तेरा मुली. तिथून पुढे साधा उतार.

पहिल्या नजरेला हा आलेख सीमाविरुद्ध ओरडत होता. एकटीच लांब उभी, मध्ये ओसाड रान. मी चिडून तिच्या रकान्यावर अंगठा ठेवला. समजा, ही पळालीच नाही. समजा, ही चोर आहे. मग बाकीच्यांचा आलेख तरी नीट दिसायला हवा.

दिसला नाही.

सीमा झाकली तरी बावीसवर तेरा मुलींची भिंत तशीच उभी होती. पुढच्या पायऱ्याच नाहीत. कधीतरी एखाद्या शर्यतीचा निकाल एकदम तेरा जणींनी सुरू होतो का? त्या तेरा जणींत मोनिकासारखी अठरात येणारी होती आणि गेल्या साली एकवीसला आलेली निमोण्याची मुलगीही होती. वाघ आणि शेळी एकाच पाणवठ्यावर कशी आली?

मी दुसऱ्या कागदावर स्तंभालेख काढला. प्रत्येक शाळेचे दोन स्तंभ, गेल्या वर्षीची सरासरी आणि यंदाची. पाबळच्या शाळेतल्या मुली मागे पळणाऱ्या, त्यांचे दोन्ही स्तंभ सारखेच. निमोण्याचा यंदाचा थोडा उंच. आणि बिरदेव सरांनी घासून तयार केलेल्या आमच्या मुलींचा गेल्या वर्षीपेक्षा सगळ्यात जास्त वर गेलेला, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ आमच्याच मुलींचा वाढलेला. वारा आडवा आला असता तर सगळ्यांचे स्तंभ वाढले असते. इथे फक्त चांगल्या पळणाऱ्या मुली मंदावल्या होत्या.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आम्ही सगळे सीमा इतकी पुढे कशी आली ते शोधत होतो. विचारायचं होतं ते हे, की बाकीच्या सगळ्या एकदम मागे कशा राहिल्या?

त्या कुठेतरी थांबल्या होत्या. पुढच्या आधी थांबल्या, मधल्या येऊन मिळाल्या, आणि मग सगळ्या मिळून निघाल्या. म्हणून ती भिंत. पण तेरा मुली भर शर्यतीत थांबतात आणि एकही तोंड उघडत नाही, असं काय होतं त्या रस्त्यावर?

५

उत्तराचं पहिलं टोक मला मुंग्यांनी दिलं.

मुलींच्या छातीवर लावलेले कापडी नंबर आम्ही परत घेतो आणि पुढच्या वर्षी वापरतो. त्यांची पिशवी माझ्याच कपाटात होती. आलेख ठेवायला कपाट उघडलं तर पिशवीवर मुंग्यांची रांग. नंबर टेबलावर पसरले. काही कापडं स्वच्छ होती, काहींवर पिवळट, चिकट डाग आणि मुंग्यांची दाटी. डागवाले नंबर मी वेगळे काढले आणि यादीशी ताडून पाहिले. सगळे बावीसच्या रकान्यातले. मोनिकाचा सर्वांत चिकट. सीमाचा नंबर घामानं पांढरा पडलेला, पण त्याच्याकडे एकही मुंगी फिरकली नव्हती.

मी एक कापड नाकाला लावलं. उसाचा रस.

मोनिकाला बोलावून घेतलं. ती मेंढ्या सोडून शेतीला लागलेल्या धनगराच्या घरची, उंच आणि ताठ मानेची मुलगी. टेबलावरच्या मुंग्या बघून तिची मान खाली गेली.

"बाई, मला विचारू नका. आमी भंडारा उचलून शपथ घेतलीया. ह्यातलं कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. देवाचं हाय ते."

"सरांची भीती?"

"मधी थांबली तर संघातनं काढीन, म्हणलंत सर."

"मग सीमा बाद झाली तरी चालेल?"

तिचे डोळे भरले, पण त्यात रागही होता. "तिला मी सोता हाक मारली व्हती, बाई. ये म्हणलं. तिनं मागं वळूनसुदिक बघितलं न्हाई. लई गर्व हाय तिला."

एवढं बोलून ती गेली. तिनं शपथ मोडली नव्हती आणि मला हवं ते सांगितलंही होतं. पण आता नवीन काटा रुतला. तहान सगळ्यांना होती. सगळ्या थांबल्या. सीमा का थांबली नाही?

मी तशीच कालव्याच्या रस्त्याला लागले. वळणाच्या अलीकडे गुऱ्हाळ होतं. चुलवाणातून धूर निघत होता आणि मालकाची आई आक्काबाई चिपाडाच्या ढिगाशेजारी बसली होती. मी काही विचारायच्या आत तिनं स्टीलचा पेला भरून माझ्या हातात दिला.

"घे बाय. गुऱ्हाळावरनं कुणी कोरडं जाऊ न्हाई."

"आजी, शनिवारी मुली पळत आल्या होत्या का?"

"आल्या की. पयल्या खेपंला आपल्या तशाच गेल्या, म्हागारी येताना म्या हाका मारून बलिवल्या. तोंडं सुकली व्हती लेकरांची. घागर सपली तवा गेल्या. मागनं आल्या त्यास्नी काय मिळालं न्हाई." ती मायेनं हसली. "एक तेवढी आली न्हाई. पोपटची पोर. म्या तिलाबी हाक मारली, हां. भेदभाव न्हाई केला."

मी पेला तोंडाला लावला आणि समोर पाहिलं. बाभळीच्या फांदीवर दोन ॲल्युमिनियमचे पेले उपडे अडकवलेले होते. बाकीचे सगळे स्टीलचे पेले आक्काबाईशेजारच्या टोपलीत होते.

"आजी, ते पेले तिकडे का?"

"त्ये त्येंचं. वस्तीवरल्यांचं. पिऊन आपलं आपून धुवून ठिवत्यात. जुनी चाल हाय, कुणी काय म्हणत न्हाई."

मला सीमाच्या घरचा पेला आठवला, आणि मी तो तोंडाला लावीपर्यंत समोर उभी राहिलेली ती मुलगी. तिच्या मनात चोरी आहे असं मी समजले होते. मला माझी लाज वाटली. पेला तसाच खाली ठेवून मी निघाले, तर आक्काबाई मागून हाक मारत होती की रस गोड नाही का.

६

बुधवारी दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही जमलो. बिरदेव सर, तक्रार करणाऱ्यांपैकी एक मास्तर, मोनिका आणि सीमा. मी दोन्ही आलेख टेबलावर पसरले, शेजारी गेल्या वर्षीचा लावला, आणि सीमाच्या रकान्यावर अंगठा ठेवला.

"ही मुलगी नव्हतीच असं समजा. आता सांगा सर, ही शर्यत खरी वाटते का?"

बिरदेव सर वाकून बघत राहिले. मुलींच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या, त्यामुळे मला जास्त बोलावं लागलं नाही. त्यांचं बोट बावीसच्या भिंतीवर थांबलं. "ह्या एवढ्या एकदम कशा आल्या?"

"थांबल्या होत्या म्हणून. परतीला, गुऱ्हाळावर." मी डाग पडलेले नंबर पुढे सरकवले. "आक्काबाईंना विचारा. तुम्ही शेवटच्या मुलीमागे मोटारसायकलवर होतात, तुम्ही पोचेपर्यंत घागर संपली होती. रोहन बाटली घेऊन उभा होता, पण दिली नाही. घ्यायला सीमा थांबलीच नाही."

सरांचा चेहरा काळवंडला. "मोनिका, हे खोटं हाय ना?"

मोनिका दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाली, "सर, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून मी भंडारा उचललाय. कुणी विचारल्यावर खोटं बोलायचं म्हणून उचलला न्हाई."

सर मटकन खुर्चीत बसले. पण तक्रारवाले मास्तर ऐकेनात. "असं असंल तर मोनिकाच खरी पयली. ती थांबली नसती तर हिच्या पुढंच असती."

"असती कदाचित," मी म्हणाले. मी खोटं का बोलू? "पण शर्यतीत जो थांबतो तो थांबतो. थांबल्याची वजाबाकी कुठल्याही नियमात नाही."

मग बिरदेव सरांनी सीमाकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "पोरी, समद्या थांबल्या. तू का न्हाई थांबलीस? तहान न्हवती?"

मी बोलायला तोंड उघडलं. सीमानं माझ्याकडे पाहून मान हलवली.

"व्हती सर. लई व्हती." ती शांतपणे बोलली. "पन तिथं आमचा पेला येगळा हाय. प्यायचा, मग धुवायचा, मग परत बाभळीला अडकवायचा. मला नंबर पायजे व्हता. पेला धुवत बसायला येळ न्हवता."

मास्तरांनी टेबलावरची टोपी उचलली आणि हातात फिरवत बसले. मोनिका सीमाकडे बघत होती. काल जिला ती गर्विष्ठ म्हणाली होती, ती मुलगी तिला आज पहिल्यांदा दिसत होती.

बिरदेव सर उठले, स्वतः बाहेर गेले, आणि फळ्यावरचा कागद काढून त्यांनी नवीन यादी लिहायला घेतली. पहिलं नाव त्यांनी सीमाचं लिहिलं.

७

दौंडचं मैदान रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं. रविवारी गाड्यांच्या शिट्ट्यांत पिस्तुलाचा आवाजही नीट ऐकू आला नाही. शेवटच्या वळणावर सीमा आणि मोनिका खांद्याला खांदा लावून होत्या. माझा जीव नुसता वरखाली होत होता, कोणासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. सीमा पाचवी आली. मोनिका सातवी.

सातव्या नंबरला काही मिळत नाही. मोनिका तोंड झाकून रडली आणि मी तिला गप्प करायला गेले नाही. दोघी आयतालेखात एकाच रकान्यात बसल्या असत्या, पण वसतिगृहाचं दार त्या रकान्याच्या मधूनच जात होतं.

संध्याकाळी टेम्पोतून परत येताना कालव्याचा रस्ता लागला. गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि ड्रायव्हरनं सवयीनं वेग कमी केला. आक्काबाई चिपाडावरून उठून हात हलवत होती. टेम्पोत सगळ्यांचे घसे कोरडे होते. सीमा मागच्या फळीला टेकून बाहेर बघत होती, दुसरीकडे.

"थांबवू का, पोरींनो?" ड्रायव्हरनं विचारलं.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मोनिकानं रडून सुजलेलं तोंड वर केलं.

"न्हाई मामा. चला पुढं."

ड्रायव्हरनं गिअर बदलला. रोहननं दिलेली बाटली सीमाच्या पिशवीत होती. मोनिकानं हात लांब करून ती काढली, तोंड लावून दोन घोट घेतले आणि शेजारच्या मुलीकडे दिली. बाटली टेम्पोभर फिरून सीमाकडे परत आली तेव्हा तळाला थोडंसं पाणी उरलं होतं, आणि ते ती प्याली.